'माहिती उपलब्ध नाही' असं छापण्याआधी

प्रति,
माननीय अधिष्ठाता,
तसेच शतकमहोत्सव स्मरणिका समिती आणि निर्लेखन समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेचा मसुदा माजी विद्यार्थ्यांकडे अभिप्रायासाठी पाठवला गेला, तसा तो माझ्याकडेही आला. बधिरीकरणशास्त्र, म्हणजे भूल देण्याच्या शास्त्राच्या, विभागाला त्यात पाऊण पान मिळालं आहे. जागा कमी मिळाली म्हणून मी रुसलेली नाही. आम्हाला त्याची सवय आहे. पण त्या पाऊण पानात एक वाक्य आहे: 'विभागाच्या सुरुवातीच्या काळाची माहिती उपलब्ध नाही.' आणि त्याच सुमारास जुन्या शस्त्रक्रियागृहाची इमारत रिकामी करण्याचं परिपत्रक निघालं. त्याला जोडलेल्या निर्लेखनाच्या, म्हणजे वापरातून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीत 'जुनी रजिस्टरे, गठ्ठे', 'बॉईल्स मशीन, नादुरुस्त', 'रबरी साहित्य, निरुपयोगी' अशा नोंदी आहेत. म्हणजे एक समिती जी माहिती मिळत नाही म्हणते, तीच दुसरी समिती रद्दीच्या भावाने विकायला काढते. दोन्ही समित्यांवर काही सदस्य तेच आहेत, हे आणखी विशेष.

संस्थेचं नाव मी इथे मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि असा प्रकार एकाच रुग्णालयात होतो असंही नाही. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण साधी अर्जवजा चिठ्ठी आधी देऊन झाली आहे. तिच्यावर 'नोंद घेतली' असा शेरा पडला आणि ती फाइलला लागली.

याच विभागात मी निवासी डॉक्टर म्हणून आले, इथेच शिकवलं आणि इथूनच निवृत्त झाले. त्यामुळे माझं म्हणणं तटस्थ आहे असा दावा नाही. पण ती रजिस्टरं मी उघडून पाहिली आहेत, आणि यादी करणाऱ्यांनी ती उघडली नसावीत अशी मला दाट शंका आहे. म्हणून आधी त्यांत काय आहे ते सांगते.

लांबट, कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली रजिस्टरं आहेत. तारीख, नाव, वय, शस्त्रक्रिया, सर्जन, आणि शेवटी भूल कोणती व ती कोणी दिली. सुरुवातीच्या पानांवर 'कोणी दिली' या रकान्यात बऱ्याचदा नुसतं 'हाऊस सर्जन' लिहिलंय, कधी 'सिस्टर', पुढे नाव नाही. 'ओपन ईथर' (तोंडावरच्या जाळीच्या मास्कवर ईथर थेंबाथेंबाने टाकणं) इतक्यांदा लिहावं लागे की लिहिणारा कंटाळून 'ओ. ई.' वर आला. शेऱ्याच्या रकान्यात 'जीभ मागे पडली, एअरवे घातला', 'उलटी, डोकं खाली केलं', 'श्वास मंद, ईथर बंद' अशा तुटक नोंदी. काही ओळी लाल शाईत आहेत. लाल शाई कधी काढत, हे ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, काम केलेल्या कुणालाही विचारा.

मग मध्येच एका पानावर कुणीतरी पट्टी धरून पेन्सिलीने दोन जादा रकाने आखले आहेत: नाडी आणि रक्तदाब. छापील रजिस्टरात त्यांना जागा नव्हती, म्हणून शेऱ्याचा रकाना कापून जागा केलेली. तिथून पुढे प्रत्येक पानावर हाताने आखलेले ते दोन रकाने येत राहतात, पुढचं रजिस्टर छापून येताना ते त्यात छापलेलेच येतात. कुठलं परिपत्रक नाही, आदेश नाही, ठराव नाही. कुणा एकाला वाटलं की भूल देताना हे लिहायला हवं, आणि त्याने लिहायला सुरुवात केली. मला विचाराल तर आपल्या विभागाचा जन्म त्या पानावर झाला. मसुद्यात मात्र विभागाची स्थापना प्राध्यापकाचं पद मंजूर झालं त्या वर्षापासून धरली आहे, कारण मंजुरीचा कागद आस्थापना शाखेत सापडला.

हा माझा पहिला आक्षेप, आणि सगळ्यात मोठाही तोच. कुठल्याही शिक्षण रुग्णालयात भूल देणारे आधी येतात, विभाग नंतर येतो. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य मॉर्टनने भुलेसाठी ईथर देऊन दाखवलं, आणि पुढच्या मार्चमध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये ईथर वापरलंही गेलं. पण विद्यापीठाच्या रुग्णालयात भूलशास्त्राचा खराखुरा शैक्षणिक विभाग उभा राहायला 1927 उजाडावं लागलं. अमेरिकन भूलतज्ज्ञ राल्फ वॉटर्स विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले तेव्हा. मधली ऐंशी वर्षं भूल काय कुणी दिलीच नाही? दिली. विद्यार्थ्यांनी दिली, परिचारिकांनी दिली, सर्वांत कनिष्ठ हाऊसमनने दिली, आणि सर्जनने एका डोळ्याने जखमेकडे व दुसऱ्याने मास्ककडे बघत देववली. त्या ऐंशी वर्षांत कुणी काय शिकलं आणि कुणाच्या जिवावर शिकलं, हाच सुरुवातीचा इतिहास. तो पदमंजुरीच्या फाइलीत नसतो.

1893 मध्ये हार्वर्डचा एक वैद्यकीय विद्यार्थी हार्वी कुशिंग याने ईथर दिलेला रुग्ण टेबलावर दगावला. कुशिंगच्या मनाला ते फार लागलं. पुढच्या वर्षी त्याने आणि त्याचा सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन याने मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये ईथर देताना नाडी आणि श्वास ठरावीक अंतराने कागदावर मांडायला सुरुवात केली. चांगली भूल कोण देतो अशी दोघांची आपसात चढाओढही होती म्हणतात. पुढे 1901 मध्ये कुशिंग इटलीत पाविया इथल्या रुग्णालयात गेला, तिथे रिवा-रोचीचं रक्तदाबाचं यंत्र पाहिलं आणि तक्त्यात रक्तदाब आला. आज जगभर भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचं मूळ हे. दोन विद्यार्थ्यांचे ते कागद त्या रुग्णालयाने जपले म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. तिथल्या निर्लेखन समितीने 'जुने कागद, गठ्ठे' अशी नोंद केली असती तर?

आपल्या रजिस्टरातल्या पेन्सिलीच्या रकान्यांना मी कुशिंगच्या तोडीचं म्हणत नाही. पण आपल्या रुग्णालयात ती गोष्ट कधी आणि कशी पोचली, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही.

दुसरा आक्षेप छायाचित्राबद्दल. मसुद्याच्या बाराव्या पानावर जुन्या शस्त्रक्रियागृहाचा तो प्रसिद्ध फोटो आहे. मूळ फोटो विभागाच्या भिंतीवर कित्येक वर्षं होता, मला तो पाठ आहे. उजव्या टोकाला, रुग्णाच्या डोक्याशी, स्टुलावर बसलेली एक बाई आहे. डाव्या हाताने रुग्णाची हनुवटी वर धरलेली, उजव्या हातात ईथरची बाटली. स्मरणिकेत तो फोटो दोन रकान्यांच्या मापात बसवताना उजवीकडून कापला गेला. उरली ती फक्त तिची कोपरापुढची बाही आणि हनुवटीखालची बोटं. खाली ओळ: 'शल्यचिकित्सक व सहकारी.' सर्जनचं नाव अर्थातच पदव्यांसकट आहे.

हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मांडणी करणाऱ्याला ती कडेची वाटली, बस. पण रुग्णाच्या डोक्याशी बसणाऱ्याला असंच कडेला टाकण्याची या क्षेत्राची जुनी खोड आहे, आणि त्यातही बाईला जरा जास्तच. हैदराबादला सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने 1888 आणि 1889 मध्ये, क्लोरोफॉर्मची भूल कितपत सुरक्षित ते तपासायला, क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. लॉरींचं नाव सगळ्यांना माहीत. त्याच हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या आणि तिथे क्लोरोफॉर्म देण्यात हातखंडा असलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय, वर्गात विचारून पाहा. (आयोगाचा निष्कर्ष, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर, पुढे टिकला नाही. 1911 मध्ये इंग्रज डॉक्टर गुडमन लेव्हीने दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत हृदय एकाएकी बंद पडू शकतं. चुकलेला निष्कर्षही जपून ठेवला होता, म्हणून तो तपासता आला.)

व्हर्जिनिया अपगार यांचं नाव तर प्रसूतिगृहात रोज घेतलं जातं. न्यूयॉर्कच्या कोलंबियाला त्यांनी शल्यचिकित्सेचं शिक्षण घेतलं, विभागप्रमुख व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. 1937 मध्ये त्या वॉटर्सकडे विस्कॉन्सिनला शिकून आल्या, पुढे न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात भूलतज्ज्ञ रोव्हेनस्टाइनकडे. 1938 पासून कोलंबियात भूलशास्त्राची शाखा त्यांनी सांभाळली, डॉक्टर मिळत नसताना, सर्जन बरोबरीचं मानत नसताना. 1949 मध्ये शाखेचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा प्रमुखपद दुसऱ्याला गेलं, त्यांना प्राध्यापकपद मिळालं. मग त्या प्रसूतीच्या भुलेकडे वळल्या आणि 1952 मध्ये नवजात बाळाची पाच लक्षणांवरची गुणपद्धत, म्हणजे अपगार स्कोअर, मांडली. आता समजा कोलंबियाच्या इतिहासात विभागाची सुरुवात 1949 पासून धरली. अपगारांची आधीची सगळी वर्षं 'माहिती उपलब्ध नाही' मध्ये जमा. आपल्या मसुद्यात नेमकं हेच झालंय. पदमंजुरीच्या आधी हा विभाग ज्यांनी ओढला त्यांत एक बाई होत्या. त्या मानद म्हणून येत, पगारपत्रकावर त्यांची सही नाही. सही आहे ती फक्त त्या रजिस्टरांत, पानामागून पानं.

तिसरी गोष्ट यंत्रांची. थोडक्यात सांगते, कारण यंत्रांबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही.

भूलतज्ज्ञ बॉईल यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये 1917 मध्ये भुलेचे वायू आणि ईथरची वाफ मिसळून देणारं ते बॉईल्स मशीन रूढ केलं. आपल्याकडचं अर्थातच बरंच नंतरचं. त्याच्या ईथरच्या बाटलीवरची तरफ आणि प्लंजर अजून हलतात. काळ्या रबरी पिशवीला दोन ठिकाणी सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आहे, ते आमच्या ओटीतल्या मामांनी लावलेलं. नवी पिशवी मागवली की यायला महिने लागत आणि शस्त्रक्रियांची यादी तोवर थांबत नसे. ठिगळ लावून झालं की मामा पिशवी पाण्यात बुडवून दाबत, बुडबुडा येतो का बघत, मग आमच्या हातात देत. रुग्णाचा श्वास त्या पिशवीत दिसायचा, हाताला कळायचा. पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात मांडली, आणि आपल्या टेबलापाशी तो यायला आणखी बराच काळ गेला. तोवर नाडीवरचं बोट, कानाच्या पाळीचा रंग, जखमेतल्या रक्ताचा रंग आणि ही पिशवी, एवढ्यावर पेशंट सांभाळला. हे नुसतं वाचून समजत नाही. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या हातात ती पिशवी द्या, मॉनिटर पाचच मिनिटं झाकून ठेवा, तो काय ते शिकेल. यादीत तिच्यापुढे 'निरुपयोगी' लिहिलंय.

आता आपल्या बाजूची कारणं. ती मला तोंडी सांगितली गेली आहेत, म्हणून त्यांनाही उत्तर देते.

मुदत संपली आहे, असं म्हणतात. नोंदी ठेवण्याची मुदत ही किमान असते. तेवढी ठेवलीच पाहिजेत असा तिचा अर्थ, त्यापुढे ठेवू नयेत असा नव्हे.

जागा नाही, असं म्हणतात. एका स्टीलच्या कपाटात सगळं मावतं. आजवर मावलंच आहे.

रुग्णांची नावं आहेत, गोपनीयतेचा प्रश्न येईल. हे कारण मात्र खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. नावांचा रकाना झाकून स्कॅन करता येतो, मूळ प्रत कुलपात ठेवता येते, आणि अभ्यासासाठी नैतिकता समितीची परवानगी बंधनकारक करता येते. उलट नावांसकट गठ्ठे रद्दीवाल्याच्या हातात गेले, तर गोपनीयतेचं काय होईल हा विचार कुणी केला आहे का? ती पानं पुड्या बांधायला जातील.

चौथं कारण कुणी उघड बोललं नाही, पण सुचवलं गेलं: लाल शाईतल्या, मृत्यूंच्या ओळी. शतकमहोत्सवात कशाला त्या उकरायच्या?

इथे मी अगदी स्पष्ट बोलणार आहे. भूलशास्त्र आज जे सुरक्षित झालंय ते लाल ओळी लपवून झालेलं नाही. 1848 च्या जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मेली. ती नोंद राहिली, तिच्यावर वाद झाले, लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांच्यासारख्या माणसाने क्लोरोफॉर्मच्या वाफेचं प्रमाण मोजून द्यायचा आग्रह धरला. 1954 मध्ये अमेरिकेत बीचर आणि टॉड यांनी दहा रुग्णालयांतल्या 5,99,548 भुलांच्या नोंदी तपासून मृत्यू मोजले. क्युरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षावर पुष्कळ टीका झाली. पण आकडे समोर होते म्हणून टीका करता आली. 1978 मध्ये जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी भूल देताना टळलेल्या आणि न टळलेल्या 359 घटना गोळा केल्या, आणि त्यांतल्या 82 टक्क्यांत मूळ माणसाच्या चुकीत निघालं: नळी सुटणं, चुकीची सिरिंज उचलणं, वायूचा नॉब भलताच फिरवणं. 1986 मध्ये हार्वर्डच्या शिक्षण रुग्णालयांनी देखरेखीची किमान प्रमाणं छापली, तीही झालेल्या अपघातांचे कागद वाचून. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब, आणि भूल देणाऱ्याने खोली सोडायची नाही. आज आपण हे विद्यार्थ्यांकडून परीक्षेत वदवून घेतो.

आपल्या रजिस्टरातल्या लाल ओळींखालीही कुणीतरी कारण लिहिलंय. एका ठिकाणी तर दोन वेगळ्या अक्षरांत दोन वेगळी कारणं आहेत. दुसऱ्याला पहिल्याचं पटलेलं नाही. मृत्यूनंतर आमच्या विभागात खुली चर्चा होत असे, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. शतकमहोत्सवात मिरवावं असं काही असेल तर ते हे पान.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

1. निर्लेखनाच्या यादीतून विभागाची रजिस्टरं, मूळ छायाचित्र आणि यंत्रं तूर्त वगळावीत, आणि तसं लेखी कळवावं. तोंडी 'बघतो' नको.

2. इमारत रिकामी करण्याआधी विभागातले दोन जण, ग्रंथपाल आणि अभिलेख शाखेचा एक कर्मचारी यांनी बसून प्रत्येक रजिस्टरचा कालावधी आणि अवस्था टिपून यादी करावी. मगच काय ठेवायचं ते ठरवावं.

3. रजिस्टरं नावं झाकून स्कॅन करावीत. ओल लागलेली आणि पानं चिकटलेली आधी घ्यावीत. ती उघडण्याची जबरदस्ती करू नये, जाणकाराला बोलवावं.

4. बॉईल्स मशीन, शिमेलबुश मास्क (ईथर टाकायची तोंडावरची जाळी) आणि ती ठिगळाची पिशवी विभागात राहावी. काचेच्या पेटीत नको. शिकवण्यासाठी हाताशी हवी.

5. निवृत्त भूलतज्ज्ञ, ओटीच्या सिस्टर, टेक्निशियन आणि मामा-मावशी यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. जे हयात आहेत त्यांची वयं पाहता हे काम समितीच्या पुढच्या बैठकीवर ढकलू नये. सोडा लाइम (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) कधी बदलायचा हे आम्हाला प्राध्यापकांच्याही आधी मामांनी शिकवलं, आणि त्यांचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

6. स्मरणिकेतून 'माहिती उपलब्ध नाही' हे वाक्य काढावं. छपाईला उशीर होणार असेल तर होऊ द्यावा, किंवा पाऊण पानाच्या जागी 'या विभागाचा इतिहास संकलित होत आहे' एवढीच ओळ छापावी. ती निदान खरी असेल. फोटो पूर्ण छापावा.

यातल्या कुठल्याच मागणीला मोठा खर्च नाही. स्कॅनिंगचा आहे, तो उचलायला माजी विद्यार्थी तयार आहेत. मी विचारून ठेवलंय. नवी मॉड्युलर शस्त्रक्रियागृहं उभी राहताहेत याचा मला आनंदच आहे. जुनी इमारत पाडू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. गळकं छत, अर्धवट चालणारी वातानुकूलन यंत्रणा आणि लिफ्ट बंद पडली की स्ट्रेचर जिन्याने उतरवणं, हे सगळं मी भोगलंय. पाडा. फक्त आधी कपाट बाहेर काढा.

रजिस्टरं वाचायला मी यायला तयार आहे, मानधन नको. त्यांतली अक्षरं, सह्या आणि लघुरूपं ओळखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि 'ओ. ई.' काय किंवा 'सी. ई.' (क्लोरोफॉर्म-ईथर मिश्रण) काय, नव्या मुलांना कुणीतरी सांगावंच लागेल. माझ्यासोबत आणखी काही निवृत्त सहकारी येतील. बसायला एक टेबल आणि बरा उजेड लागेल. खोली रिकामी करण्याची तारीख ठरली असेल तर ती या पत्राच्या उत्तरात कळवावी, म्हणजे त्याच्या आधीचा आठवडा आम्ही मोकळा ठेवू.

कळावे,

आपली,
या विभागातून निवृत्त झालेली एक भूलतज्ज्ञ

प्रत: विभागप्रमुख, बधिरीकरणशास्त्र, ग्रंथपाल, माजी विद्यार्थी संघटना